पहिला गडवा

चौरस्त्यावर कोणी उतरवून टाकलेला नारळ दिसला, तर तो उचलून घरी आणणारा माणूस आहे मी. सुषमा, माझी बायको, आधी मला शिव्या घालते आणि मग त्याचीच चटणी करते. गाडी घेतली ती अमावास्येला, शोरूममध्ये गर्दी नसते म्हणून. या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलो ते जेवताना करमणूक म्हणून. कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या स्कूटरवर मागे वजन आलं... मी म्हणायचो, लोकांना कामधंदा नाही. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसा. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

मी नागपूरचा. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या सरकारी बंगल्यात पॅन्ट्रीचा सुपरवायझर आहे. कोणता बंगला ते विचारू नका, तिथे असे बंगले बरेच आहेत आणि माझ्या नोकरीला अजून नऊ वर्षं आहेत. बाहेरगावचे मोठे पाहुणे आले की त्यांचं स्वागत, चहापान, जेवण आमच्याकडे होतं. इंग्रजांनी बांधला तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. पुढे राजधानी मुंबईला गेली, बंगला इथेच राहिला आणि पाहुणे येत राहिले.

पुढचं समजायला जागेची रचना डोळ्यांपुढे हवी. समोर पोर्च, मग मोठा हॉल, त्यामागे जेवणाचा हॉल, त्याला लागून पॅन्ट्री. पॅन्ट्रीतून मागे एक लांब बोळ जातो. बोळाच्या शेवटी दार, आणि दाराबाहेर काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, पश्चिमेला तोंड करून. दुपारी बारानंतर त्यांच्यावर सावलीचा एक ठिपका नसतो. समोर जुनी विहीर आहे, तिच्यावर आता स्लॅब आहे. एवढंच.

माझे वडील याच बंगल्यात आबदार होते. आबदार म्हणजे पाण्याचा माणूस. पाणी गाळायचं, वाळा घालून माठात गार करायचं आणि पाहुण्यांपुढे ठेवायचं — त्यांनी जन्मभर एवढंच केलं. नंतर फ्रीज आले, कागदावर आबदाराचा शिपाई झाला, पण बाबा शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःला आबदारच म्हणवत राहिले. पांढऱ्या कोटावर पाण्याचा एक थेंब दिसला तर त्यांना लाज वाटायची.

त्यांचा एक नेम होता. समारंभाच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पहिला ग्लास जायच्या आधी, पितळेच्या गडव्यात गार पाणी घेऊन ते मागच्या पायरीवर ठेवून यायचे. गडवा म्हणजे आमच्याकडचा लहान तांब्या. हे त्यांना त्यांच्या आधीच्या आबदारानं शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं.

का, तर त्याची एक गोष्ट होती. इंग्रजांच्या काळात भर उन्हाळ्यात इथे कसला तरी मोठा दरबार भरला. पाहुण्यांचं पाणी होईपर्यंत नोकरांनी पाण्याला तोंड लावायचं नाही असा नियम. पखालवाला — कातड्याच्या पखालीत पाणी वाहणारा — पहाटेपासून विहिरीवरून खेपा घालत होता. दुपारी तो त्या पायरीवर जरा टेकला आणि उठलाच नाही.

"पाठीवर पाणी, अन् पोटात थेंब नाही," बाबा सांगायचे. "असा गेला बापा तो. नावही कोणी लिहून नाही ठेवलं त्याचं."

लहानपणी मी विचारलं होतं, मग गडव्यातलं पाणी कमी होतं का? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या कोटावर पाणी सांडलं. "पाहुण्यानं किती पेलं, हे पाहत नसतात गा," म्हणाले. समारंभ संपला की गडव्यातलं पाणी ते न बघताच झाडाला घालून टाकायचे.

नोकरीला लागल्यावर मीही गडवा ठेवायचो. श्रद्धाबिद्धा काही नाही. संध्याकाळी घरी गेलो की बाबा विचारायचे, म्हणून.

बाबा ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी गल्लीचं नाव गेलं, मग जेवले की नाही हे गेलं, मग आई कधी वारली हे गेलं. तिला रोज शोधायचे. सुषमानं दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. पण समारंभ मात्र त्यांना कसा कोण जाणे आठवायचा. माझा इस्त्रीचा पांढरा कोट हँगरला दिसला की ते ओळखायचे.

हे घडलं ते गेल्याच्या गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. परदेशातून एक मोठं शिष्टमंडळ येणार होतं, त्यांना आमच्याकडे दुपारचं जेवण. महिनाभर आधीपासून धावपळ. आमच्या प्रोटोकॉलच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं की बंगल्याच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका छापायची आहे, तुमची दुसरी पिढी इथे, तर माहिती तुम्हीच लिहून द्या. मी आठ दिवस बाबांजवळ बसून, त्यांना जे आणि जसं आठवेल ते टिपून घेतलं. छताचं सागवान चांद्याच्या जंगलातून आलं. झुंबर बैलगाडीतून गवतात गुंडाळून आणलं. कोणता साहेब कुठे बसायचा. पखालवाल्याची गोष्ट तर त्यांनी चारदा सांगितली. मी चार पानं लिहून दिली आणि त्यात ती घातली नाही. कोणी काढायला सांगितली नव्हती... मीच गाळली. म्हटलं, गुळगुळीत कागदावर पखालवाला बरा नाही दिसत.

त्यात सुरक्षेचा आदेश आला. फक्त सीलबंद बाटल्या. उघडं पाणी कुठल्याही भांड्यात ठेवायचं नाही, मागच्या भागातल्या नळांचा व्हॉल्व्ह आदल्या दिवसापासून बंद. आत न्यायच्या वस्तूंच्या यादीत गडवा नव्हता. मी कोणाला विचारलं असतं तर कदाचित परवानगी मिळाली असती. पण विचारायचं काय? "साहेब, एका मेलेल्या माणसाला पाणी ठेवायचं आहे"? मी म्हटलं, एक वेळ नाही ठेवला तर काय आभाळ कोसळतं.

त्या दिवशी सकाळी सहाला निघालो. प्रतापनगरला आमचं घर आहे. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली, डोळे मात्र स्वच्छ.

"इलास, आज पार्टी हाय ना?"

"हाव बाबा."

"पहिला गडवा ठेवशीन ना?"

मी गाडीची चावी शोधत होतो. तिकडेच मान वळवून म्हणालो, "ठेवतो ना बाबा. दर वेळी ठेवतो."

चावी सापडली आणि मी निघालो.

सातला गेटवर मोबाइल जमा केला. अशा दिवशी सगळ्यांचेच जमा होतात, शिपायापासून मॅडमपर्यंत. एकदा सुरक्षेचं कडं पडलं की पाहुणे निघेपर्यंत आतला माणूस बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. आम्हाला त्याची सवय आहे. बाटल्या लावल्या, रुमाल लावले, प्रत्येक ताटाशेजारी ती पुस्तिका ठेवली. बारा वाजता बाहेर ऊन असं होतं की पोर्चमधल्या पोलिसांच्या बुटांना डांबर चिकटत होतं. पंचेचाळीसच्या वर पारा होता.

साडेबारा वाजले असतील. पाहुणे हॉलमध्ये येऊन बसलेले, सूप निघायच्या बेतात, आणि गेटवरच्या एका हवालदारानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. सुषमाचं अक्षर.

"बाबा दहा वाजल्यापासून घरात नाहीत. मी गच्चीवर कुरडया घालत होते. कडी लावायची राहिली. सगळीकडे पाहिलं. माझा भाऊ गाडी घेऊन फिरतोय. मी गेटवर आहे, आत सोडत नाहीत. स्वयंपाकघरातला गडवा पण नाही. या."

गडवा पण नाही... हे मी दोनदा वाचलं. बाबा वाट चुकले नव्हते. ते कुठे निघाले हे मला तेवढ्यानं कळलं. प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स, सहा किलोमीटर तरी, या उन्हात, अनवाणी असतील की चप्पल घातली असेल कोण जाणे. त्यात पाहुण्यांसाठी रस्ते बंद. ऑटो वळवलेले, टपऱ्या बंद केलेल्या, म्हणजे कोणी पाणी विचारायलाही नाही. आणि जिथे ते यायला निघाले होते तिथलं प्रत्येक दार मीच सकाळी मोजून बंद करून घेतलं होतं.

मी मॅडमकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली. बाई वाईट नाहीत, त्यांचे स्वतःचे वडीलही अंथरुणावर आहेत. त्यांनी वायरलेसवर बाहेरच्या सगळ्या पॉइंटना वर्णन कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, असा कोणी म्हातारा दिसला नाही.

"मला जाऊ द्या मॅडम."

"मी नाही सोडू शकत हो. मी स्वतःसुद्धा नाही जाऊ शकत. पाऊण-एक तासाचा प्रश्न आहे, पाहुणे निघाले की पहिल्या गाडीनं मी तुम्हाला पाठवते."

पाऊण-एक तास. नागपूरचा माणूस असाल तर त्या उन्हात पाऊण तास म्हणजे काय हे मी सांगायला नको. धडधाकट माणसं ऊन लागून पडतात. मी हात जोडले, पायाही पडलो असतो. मग आत गेलो आणि वाढपाला लागलो, कारण दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. सूप गेलं. ताटं गेली. बाटलीचं सील तोडायचं, ग्लास भरायचा, पुढे सरकायचं. पाणी ग्लासात पडतानाचा आवाज मला सहन होत नव्हता. प्रत्येक ग्लासाला वाटायचं, हा एक ग्लास, एवढाच, कोणीतरी रस्त्यात त्यांच्या तोंडाला लावा.

त्यातच एका पाहुण्या बाईंनी पुस्तिका चाळत मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमनी नाइलाजानं माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत सांगितलं की हे इथले दुसऱ्या पिढीचे, यांचे वडील या बंगल्याचे शेवटचे आबदार. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्यांनीही वाजवल्या. सगळं टेबल माझ्याकडे बघून हसत होतं. मी हातातली बाटली सांभाळत मान झुकवली आणि हसलो. माझा बाप त्या वेळी कुठल्या तरी फुटपाथवर पडलेला असेल आणि मी इथे त्याच्या नावाच्या टाळ्या घेत होतो.

सव्वा वाजता मी पॅन्ट्रीतून मागच्या बोळात गेलो. का गेलो ते आता लपवत नाही. सीलबंद बाटली उचलली, दार उघडलं. बाहेरची झळ तोंडावर आली. पायऱ्या रिकाम्या होत्या. मागच्या आवारात माणूस नाही, पाखरू नाही, नुसतं पांढरं ऊन. मी बाटलीचं झाकण काढून ती वरच्या पायरीवर ठेवली आणि ज्या गोष्टीला जन्मभर हसलो तिच्यापुढे गुडघे टेकून बसलो. दगड इतका तापला होता की पँटमधून चटका बसला.

म्हणालो, "घे रे बाबा, तुझं पाणी घे. चुकलो मी. तुझी गोष्टही गाळली, पाणीही गाळलं. मला काय करायचं ते कर. पण माझा बाप दे."

रडत होतो. पाच मिनिटं बसलो असेन. काही झालं नाही. वाराही सुटला नाही. मी डोळे पुसले, हात धुवायला नळ सोडला तर नळ कोरडा, व्हॉल्व्ह बंद असल्याचं विसरलो होतो. रुमालानं तोंड पुसून पुन्हा हॉलमध्ये गेलो आणि गोड वाढलं.

जेवण लांबलं. भाषणं झाली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची गाडी पोर्चमधून निघाली. मी धावतच गेटकडे सुटलो. अर्ध्या वाटेत शांताबाईंनी मागून हाक मारली. त्या आमच्याकडे झाडलोट करतात, पंचवीस वर्षांपासून बाबांना ओळखतात.

"दादा, तिकडं कुठी धावून राहिले? आबदारबाबा तं मागं पायरीवर बसून हायेत."

मी कसा पोचलो मला आठवत नाही. बाबा मधल्या पायरीवर बसले होते, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर पितळेचा गडवा घेऊन. अनवाणी होते. तळपाय फुटलेले, अंगठ्याला रक्त वाळलेलं. म्हणजे ते चालतच आले होते, त्यात शंका नाही. पण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माझा बाप ओलाचिंब होता. सदऱ्यातून पाणी निथळत होतं. मी हाताला हात लावला तर हात गार. पंचेचाळीस डिग्रीत, तापल्या दगडावर बसून, त्यांचे दात थंडीनं वाजत होते.

आणि वाळ्याचा वास. दाट, ओल्या मुळांचा, माझ्या लहानपणी त्यांच्या कोटाला यायचा तसा.

मी ठेवलेली बाटली वरच्या पायरीवर होती तशीच होती. काठोकाठ भरलेली. हात लावला तर चहासारखी गरम.

"बाबा, पाणी कोणी टाकलं तुमच्यावर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोण हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही.

"मी त्याले पाणी द्याले आलो," म्हणाले. "तं त्यानंच मले पाजलं."

"कोणी?"

"पखालवाला गा. मी म्हटलं, तू घे आधी. आयकेच ना. हिंदीत बोलला. म्हणे, आज पहले तुम पियो, भाई."

शांताबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मागे सरकल्या.

दवाखान्यात नेलं. सुषमा सगळ्या रस्ताभर "मी कडी लावली नाही वं माय, मीच नाही लावली" एवढंच म्हणत होती. डॉक्टरांनी तपासलं, पायांना मलमपट्टी केली, बाकी सगळं नॉर्मल. ऊन लागल्याचं एकही लक्षण नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरंच उन्हात होते? कमीत कमी दोन तास तरी हे कुठेतरी एसीत बसले असणार. पोटभर पाणी प्यायलेत ते."

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे कारणं शोधायला लागलो. खूप शोधली. त्या भागातल्या नळांना पाणी नव्हतं, व्हॉल्व्ह संध्याकाळी पाचला माझ्यादेखत उघडला. बाटल्यांचा हिशेब लागला, माझी ती एक सोडून एकही इकडची तिकडे नव्हती, आणि बाटलीच्या पाण्यानं माणूस एवढा भिजत नाही. बागेचा पाइप पुढच्या बाजूला गुंडाळलेला होता. रस्त्यात कोणी अंगावर पाणी ओतलं म्हणावं, तर त्या उन्हात कपडे दहा मिनिटांत वाळतात. वाळा कूलरचा म्हणावा, तर बंगल्यात कूलर उरलेला नाही, सगळं एसी आहे. आमच्या घरच्या कूलरला ती नवी पुठ्ठ्याची पॅडं आहेत. आणि घरी आल्यावर सुषमानं गडवा घासायला घेतला, तेव्हा त्याच्या बुडाला वाळ्याची एक काडी चिकटलेली निघाली. ती मी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. अधूनमधून काढून बघतो.

बाबा आत कसे आले हेही कोणाला कळलं नाही. पोलिसांच्या नोंदीत कोणी नाही. मागच्या फाटकावरचे दोघं शपथेवर सांगतात की ते जागचे हलले नाहीत. सुरक्षेचा मामला, म्हणून मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. आपले वडील प्रतिबंधित आवारात कसे शिरले याचा तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मी रात्रभर कागद घेऊन बसलो आणि एक ओळ लिहिली : मला माहीत नाही. दहा दिवसांनी कागद परत आला, वर शेरा होता, "खुलासा समाधानकारक नाही." वीस वर्षांच्या नोकरीत सरकारचं आणि माझं एवढं एकमत कधी झालं नव्हतं. पुढे मॅडमनी शब्द टाकून ते प्रकरण ताकीद देऊन मिटवलं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण राहिलेलं सांगितल्याशिवाय मला सुटका नाही.

बाबा त्यानंतर पाच महिने होते. बोलणं जवळजवळ बंद झालं. मला ओळखेनासे झाले, मला "साहेब" म्हणायला लागले. कोजागिरीच्या आधी एका सकाळी मी त्यांची दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता. एकदम माझ्याकडे बघितलं, आणि डोळे तसेच, स्वच्छ.

"इलास, त्या दिवशी तू गडवा ठेवणार नव्हता ना गा?"

मी वस्तरा बाजूला ठेवला. खूप दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव आलं होतं. खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"नाही, बाबा."

"मले ठाऊक होतं. तू खोटं बोलला का मान वळवते. लहानपणापासून."

"मग मले तेव्हाच बोलले काहून नाही?"

"तू डूटीवर जाऊन राहिला होता," म्हणाले. "डूटीवर निघाल्या माणसाले टोकत नसतात. म्हटलं, आपणच ठेवून येऊ."

उरलेली दाढी केली, तोंड पुसलं. मी टॉवेल वाळत घालून आलो तोवर ते पुन्हा मला साहेब म्हणत होते. त्यानंतर आठ दिवसांनी गेले.

त्या पायरीवर काय झालं याचा विचार मी आता कमी करतो. ते मला कळणार नाही. पण माझे वडील त्या उन्हात का निघाले हे मला नीट कळतं, आणि त्याचं काय करायचं हे मात्र कळत नाही. कोणी म्हणेल, त्या पखालवाल्यानं त्यांना वाचवलं. मी पण म्हणतो. मग वाटतं, वाचवावं लागेल अशी वेळ कोणी आणली? सुषमा अजून त्या कडीवरून स्वतःला दोष देते. त्या सकाळी मी बाबांशी खोटं बोललो होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी येईल तेव्हा ती वाचेल.

डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी आमच्याकडे चहापान झालं. आदेश तोच, सीलबंद बाटल्या. मी आधी मॅडमकडे गेलो आणि परवानगी मागितली, जी मे महिन्यातही मागता आली असती. त्यांनी विचारलं, कशासाठी. मी सगळं सांगितलं. त्यांनी यादी पुढे ओढली आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं : पितळी गडवा, नग एक.

तेव्हापासून दर समारंभाला, पहिला ग्लास आत जायच्या आधी, मी बोळातून मागे जातो. वाळा इतवारीच्या बाजारातून आणतो. पायरीवर गडवा ठेवतो, विहिरीकडे तोंड करून उभा राहतो, आणि मान अगदी सरळ ठेवून सांगतो... बाबा, ठेवला.